प्रकल्प नोंदी : ‘गारवा’ आणि ‘आमचा गारवा’

६ एप्रिल

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत. कॅसेटी दोन आहेत. पहिली ‘गारवा’, विकत घेतलेली. कविता आणि गाणी सौमित्रची, चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. दुसरी साठ मिनिटांची कोरी आणून आम्ही घरी भरलेली. तिच्या कव्हरवर अक्काच्या अक्षरात, निळ्या शाईनं ‘आमचा गारवा’. दोन्ही संगणकावर उतरवायच्या. पहिली आज मोबाइलवर केव्हाही ऐकता येते, त्यामुळे तिचा उपयोग डेक नीट चालतोय का हे बघण्यापुरता. दुसरीची जगात एकच प्रत आहे आणि ती इतके उन्हाळे माझ्या पत्र्याच्या कपाटात काढून आली आहे. म्हणून हे काम आता लांबवायचं नाही.

अक्का म्हणजे सोलापूरच्या साखर पेठेत आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो त्या घरमालकांची थोरली मुलगी. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. पेठेतली सगळी पोरं तिला अक्काच म्हणायची, तिच्याच वयाचा माझा दादासुद्धा. तळमजल्यावर त्यांचे चादरीचे माग. माडीच्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की मागांचा हादरा तळपायाला लागायचा.

डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, मामाकडून आणलाय. आज नुसता उघडून पाहिला. आतले रबरी बेल्ट वितळून चिकट काळं डांबर झालंय.

१० एप्रिल

डांबर काढण्यातच संध्याकाळ गेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि संयम. पुलीच्या खाचेत जे बसतं ते लाकडी टूथपिकनं खरवडावं लागतं, लोखंडी टोकानं पुलीला ओरखडा जातो.

नवे बेल्ट नवी पेठेत मिळाले. माप द्यायला जुना बेल्ट उरलाच नव्हता, म्हणून पुल्यांभोवती दोरा गुंडाळून तो नेला होता. दोऱ्यापेक्षा पाच-सात टक्के आखूड बेल्ट घ्यायचा, म्हणजे ताण राहतो. फार आखूड घेतला तर मोटरच्या बुशिंगवर भार येतो.

फितीवरचा आवाज उचलणारं हेड आणि फीत ओढणारा बारीक दांडा, म्हणजे कॅप्स्टन, अल्कोहोलनं पुसले. फीत त्या दांड्यावर दाबणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, मात्र साबणाच्या थेंबानं आणि पाण्यानं, रबराला अल्कोहोल सोसत नाही. हेडवर तपकिरी थर होता. कॅसेटच्या फितीवरचा लोहाचा ऑक्साइड घासून घासून तिथे बसतो आणि त्यानंच आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो.

दिवसा या खोलीत बसवत नाही. पारा ४२च्या वर आहे. काम रात्री जेवणानंतरच.

१३ एप्रिल

‘गारवा’ लावला. डेक चालला.

शीर्षकगीताच्या आधी सौमित्रच्या आवाजात कविता आहे. पावसाचा अल्बम, पण कविता सुरू होते उन्हापासून. मुंबईच्या पोरांना ते ऊन म्हणजे पुढे येणाऱ्या पावसाची प्रस्तावना वाटलं असेल. आम्हाला त्या उन्हातच कोणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं. सोलापूर पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा. शाळा सुरू होताना घेतलेली छत्री गणपतीपर्यंत घडीच मोडायची नाही. मराठीच्या पुस्तकात जूनमध्ये मोर नाचायचे, आमच्याकडे जूनमध्ये धुळीची वावटळ यायची आणि दोऱ्यांवरच्या चादरी लाल करून जायची.

नव्वदीच्या अखेरीस हा अल्बम आमच्या घरी आला तेव्हा मी दहावीत होते, दादा बारावीत. तोवर घरात कॅसेटी होत्या त्या भक्तिगीतांच्या, नाट्यगीतांच्या आणि हिंदी सिनेमांच्या. कोणी मध्येच थांबून, अगदी समोर बसून बोलल्यासारखी कविता म्हणतो आणि त्या बोलण्यातूनच गाणं उगवतं, हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पुढे पडद्यावर दिसलेला किशोर कदम म्हणजेच हा सौमित्र, हे कळायला आम्हाला बराच काळ लागला. तोवर तो आमच्यासाठी नुसता आवाज होता, आणि अक्काच्या मते तो आवाज सावळा होता.

नळाला पाणी रात्री यायचं, तेही रोज नाही. भीमेवर उजनीचं एवढं मोठं धरण, पण साखर पेठेच्या नळापर्यंत येईतो पाण्याला रात्रीचे दोन वाजायचे. ‘पाणी आलं’ अशी एक हाक आली की अख्खा वाडा उठायचा. दादा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, गॅलरीत आणून ठेवायचा, आवाज अगदी बारीक. खाली माग बंद, त्यामुळे त्या वेळी प्रत्येक शब्द ऐकू यायचा. मी पाइप धरून बसायची. पिंप रिकामं असताना पाण्याचा आवाज घुमतो, भरत येईल तसा तो बारीक आणि उंच होत जातो. अंधारात त्यावरूनच पाइप काढायची वेळ कळते. त्या आवाजावर ‘रिमझिम धून’. पाणी नळाचं, पाऊस कॅसेटमधला. माझ्या कानात तो अल्बम या दोन आवाजांचा मिळून आहे. मोबाइलवर लावला की अर्धाच वाजतो.

१५ एप्रिल

हेडचा कोन लावला. हेडच्या शेजारच्या बारीक स्क्रूचा पाव वेढा इकडे-तिकडे झाला तरी वरच्या पट्टीतले आवाज हरवतात. ‘गारवा’तली झांजेसारखी किणकिण सर्वांत स्वच्छ येते तिथे थांबले. गती तपासण्यासाठी कॅसेटवरच्या एका गाण्याची लांबी मोबाइलवरच्या त्याच गाण्याशी ताडली, फरक सेकंदाच्याही आत. डेकची गती खरी आहे. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून इथे नोंदवून ठेवते.

२० एप्रिल

दुसरी कॅसेट. आजवर वाजवण्याचं धाडस केलं नव्हतं आणि न केलं तेच बरं. कवचाचे पाच स्क्रू काढून पाहिलं तर फेल्टची ती इवलीशी गादी, जी फितीला हेडवर दाबून धरते, डिंक सुकल्यामुळे सुटून कोपऱ्यात पडली होती. ती तशीच चालवली असती तर आवाज येत-जात राहिला असता आणि गादी रोलरमध्ये अडकून फीत चुरगळली असती.

फितीच्या वेटोळ्याच्या कडेला पांढरे ठिपके. बुरशी. या कोरड्या गावात कशी धरली कळत नाही, बहुधा आधीच्या घराच्या ओलीच्या भिंतीतल्या कपाटात. तोंडाला मास्क बांधून, फीत मऊ कोरड्या कापडावरून हातानं हळूहळू ओढत पुसली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ८५–९० मीटर फीत असते, रुंदी चार मिलिमीटरही नाही. आईला वाटलं मी लोकर उलगडतेय. शेवटी दोन्ही चकत्या एका नव्या कवचात बसवल्या. जुनं कवच आणि अक्काचं अक्षर वेगळं जपून ठेवलंय.

२६ एप्रिल

उतरवली. पहिली बाजू पूर्ण, दुसरी अर्धी. कसलीही काटछाट न करता २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आता नीट ऐकून काय काय आहे ते लिहिते.

सुरुवातीला अक्का निवेदन करते. आकाशवाणीच्या निवेदिकेसारखं, ‘श्रोतेहो’ म्हणून. मागून कोणीतरी फिसकन हसतं, ती मीच. मग माझी कविता:

पाऊस येतो म्हणाला होता,
सात रस्त्यावर उभी राहिले.
सातही रस्ते कोरडे होते,
कोणत्या रस्त्यानं येणार होता?

पंधराव्या वर्षी मी सात रस्त्याच्या चौकात एकटी कधी उभी राहिले नव्हते, पण कवितेत उभी राहिले याचा मला आजही आनंद आहे. तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण पावसावर लिहीत होता, आणि कुणाकडेच पाऊस नव्हता. वह्यांची मागची पानं भरून ढग. क्लासमधल्या एका मुलानं तर ज्वारीच्या ताटांवर पडणाऱ्या पावसाची कविता केली होती. ती आमच्या सगळ्यांच्या कवितांपेक्षा खरी होती, कारण त्याच्या बापाचं रान मोहोळकडे होतं आणि त्याला पाऊस लागत होता. आम्हाला तो नुसता हवा होता.

नंतर दादा. त्यानं सौमित्रचं थांबणं उचललं होतं. ओळ म्हणायची, थांबायचं, श्वास ऐकू येऊ द्यायचा आणि मग पुढची ओळ. त्याच्या थांबण्यात खालचे माग घुसतात. खट-खट, खट-खट, आणि मग दादाचं ‘तू’. कविता कुणासाठी होती ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नवी पेठेतल्या क्लासला ती त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. तिला ही कॅसेट द्यायचा बेत होता. दिली नाही, म्हणूनच ती आज माझ्याकडे आहे.

अक्कानं तेलुगूत म्हटलं. छोटंसं, चालीवर. तिच्या आवाजाला त्यात जे वजन आहे ते तिच्या मराठी निवेदनात नाही.

त्यानंतर दुसरा टेपरेकॉर्डर समोर ठेवून ‘पाऊस दाटलेला’ भरलंय. गाणं अर्ध्यावर आलं असताना वीज जाते.

हा तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला. वीज गेली की भरणाऱ्या यंत्राची मोटर मंदावते, फीत सावकाश सरकते, आणि तीच फीत आज बरोबर गतीनं वाजवली की शेवटचा सूर खाली न जाता वर चढतो आणि तुटतो. बटण मात्र दाबलेलंच राहिलं होतं. त्यामुळे वीज परत आल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू झालं आणि माडीवरची, गल्लीतली, खालच्या कारखान्यातली माणसं काय म्हणाली ते सगळं त्यात आलं. आधी गल्लीभर ‘आलीऽ’. मग दादाचं डिजिटल घड्याळ दोनदा ‘पीप’ वाजतं, तास भरला. खाली कोणी तरी तेलुगूत काही ओरडतं. मग माग. ते एकदम लागत नाहीत, विणकर एकेका मागाशी जाऊन दांडा ओढतो. पहिला लागतो आणि त्याचा धोटा इकडून तिकडे जाताना स्वच्छ एकटा ऐकू येतो: आपट, सरक, आपट. मग दुसरा, जरा जड. तिसरा लागला की कोणता कुठला ते ओळखू येत नाही. सहावा लागल्यावर तो नेहमीचा आवाज, ज्याला आम्ही कधी आवाज म्हणून मोजलंच नव्हतं.

आणि दादा म्हणतो, ‘चालू आहे का बे हे?’ तिथे बटण उचललं गेलं.

२७ एप्रिल

ऐकताना वाटत होतं की आमचे आवाज आहेत त्याहून कोवळे आहेत. पंधरा वर्षांची मुलगी बारीकच बोलणार, पण दादाचा आवाज तेव्हा फुटला होता, आणि इथे तो फुटल्यासारखा वाटत नाही. म्हणजे कॅसेट भरताना टू-इन-वन हळू चालत होता का? ते ठरवायला त्या काळातलं एखादं माप हवं.

पहिला उपाय घरगुती विजेची घुमी, म्हणजे मागे सतत येणारा गुंगुं आवाज. मुख्य लाइनवर चालणाऱ्या यंत्रात ५० हर्ट्झची घुमी मिसळते. मोजली तर ५०.१. हा आकडा बघून कुणीही गती बरोबर आहे म्हणेल. पण त्या वर्षांत ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं सामायिक जाळं, ५० वर ठरून राहत नसे. मागणी चढली आणि वीज कमी पडली की फ्रिक्वेन्सी साडेअठ्ठेचाळीसच्या आसपासही उतरायची. पश्चिम विभागात २००२मध्ये फ्रिक्वेन्सीशी दर जोडणारी नवी पद्धत आली, त्यानंतर ती बरीच सावरली. म्हणजे घुमीवर भरवसा ठेवता येत नाही. समोरून भरलेलं गाणंही कामाचं नाही, कारण त्यात दोन यंत्रांच्या चुका एकत्र आहेत.

दादाचं घड्याळ. स्वस्त डिजिटल घड्याळांच्या आत ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ असतो आणि बहुतेकांची ‘पीप’ त्याच्या आठव्या भागावर, म्हणजे ४०९६ हर्ट्झवर वाजते. क्वार्ट्झला ग्रिडशी देणंघेणं नाही. आणि ती ‘पीप’ नेमकी माग बंद असताना आलेली, आजूबाजूला काही नाही. मोजली: ४२१९. तीन टक्के जास्त.

म्हणजे भरणारं यंत्र तीन टक्के हळू होतं आणि आम्ही आज तेवढे जलद वाजतोय, हार्मोनियमवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याच्या निम्मं वर. घुमीलाही तोच हिशेब लावला तर ती येते ४८.६. त्या संध्याकाळी सोलापूरला येणारी वीज थकलेली होती आणि माग चालवणारी मोटर, गल्लीतले पंखे, सगळंच जरा मंद चाललं होतं. आमचे पंखे, माग एकाच ग्रिडच्या नाडीवर चालतात हे मी कॉलेजात शिकले, पण ते त्या संध्याकाळच्या आमच्या गॅलरीत मोजता येईल असं वाटलं नव्हतं. याच सोलापूरला ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी एका तालात आलं. ही गोष्ट गावात फारशी कुणी सांगत नाही. सांगायला हवी.

गती तीन टक्क्यांनी उतरवली. दादाचा आवाज फुटलेला आहे.

४ मे

आवाज किती साफ करायचा यावर दोन रात्री घालवल्या. फितीची सळसळ थोडी कमी केली, अगदी थोडी. जास्त केली तर अक्काचे ‘स’ आणि ‘श’ पाण्यात बुडाल्यासारखे होतात, आणि दादाचे मुद्दाम घेतलेले श्वासच पुसले जातात. त्या श्वासांसाठीच तर त्यानं इतकी तालीम केली होती. घुमी खाली आणली. मागांना हात लावलेला नाही. सॉफ्टवेअर त्यांना गोंगाट समजतं आणि सहज काढून टाकतं, एका क्लिकचं काम. पण माग गेले की आमचे आवाज कुठल्याही खोलीतले होतात. अक्का तिच्या खोलीत बोलत नव्हती, सहा मागांच्या वर बसून त्यांच्याशी आवाज जुळवून बोलत होती, म्हणून तर एवढी मोठ्यानं. मागांशिवाय ते निवेदन विनाकारण ओरडल्यासारखं वाटतं.

आलेख पसरून एका मागाचे फटके मोजले, मिनिटाला ११०च्या आसपास.

११ मे

अक्काला फोन केला. लग्नानंतर ती भिवंडीला. तिथेही मागच, फक्त पाऊस भरपूर. म्हणाली, ‘जूनपासून घरात वास येतो कपड्यांना, दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तुला कविता पाहिजेत का आता?’ आणि मग स्वतःच म्हणाली, ‘पहिल्या सरीला तरीपण मी गच्चीत जाते हं. सगळे हसतात.’

तेलुगू तुकडा तिला ऐकवला. तो तिचा नव्हता. तिची आजी खाली कांड्या भरताना ते म्हणायची. अक्कानं तेवढंच उचलून आमच्या कॅसेटवर म्हटलं, आणि ‘कवयित्री कोण’ असं मी विचारल्यावर गप्प बसली होती, कारण सगळ्यांची स्वतःची कविता होती आणि तिला काही सुचलं नव्हतं. आजीच्या आवाजातलं काही कुठे उरलं आहे का विचारलं. नाही. हेच आहे. तेव्हा फाइलच्या माहितीत तिथे ‘अक्काच्या आजीचं गाणं, आवाज अक्काचा’ असं लिहिलं. शब्द तिनं मला फोनवर सावकाश सांगितले, मी देवनागरीत उतरवून घेतले. दोन ओळी तिलाही आठवत नाहीत. त्या कॅसेटवरून ऐकून लावल्या, तिनं दुरुस्त केल्या.

मला विचारलं, ‘वाडा आहे का गं तसाच?’ वाडा पाडून तिथे तीन मजली इमारत झालीय. माग आधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले आणि नंतर मोडीत. तिला हे माहीत आहे. तरी विचारते.

१८ मे

दुसऱ्या बाजूचा राहिलेला भागही झाला. तिथे नवं फार नाही. गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या पिपाणीचा कर्णकर्कश सूर आहे, आणि आमच्या धाकट्यानं म्हटलेली पाढ्यांची उजळणी, तेराच्या पाढ्यापर्यंत. ते तसंच ठेवलं.

मूळ उतरवलेली फाइल, गती सुधारलेली फाइल आणि ऐकण्यासाठीची छोटी फाइल, अशा तीन वेगळ्या ठेवल्या. मूळ कधीही बदलायची नाही. एक प्रत माझ्या संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक अक्काच्या मुलाकडे भिवंडीत. कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळून, उभी, लाकडी कपाटात. पत्र्याच्या नाही.

अक्कानं आजीचं गाणं लेकीला पाठवलं. क्लासमधल्या त्या मोहोळच्या मुलाचा नंबर मिळतोय का बघते आहे, ज्वारीची कविता त्याच्या वहीत असली तर हवीच आहे.

दादानं सगळं ऐकलं. स्वतःच्या कवितेबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याला फक्त वीज येण्यापासून सहावा माग लागेपर्यंतचा तुकडा वेगळा काढून हवा आहे, त्याच्या पोराला ऐकवायला. आमचं घर कसं वाजायचं हे तोंडानं सांगून त्याला पटत नाही म्हणे. काढून पाठवला. ‘गारवा’ची दुसरी बाजू अजून उतरवायची आहे, ती पुढच्या रविवारी.